‘आणि संच’मधला देवमन

अकोल्याच्या एस.टी. डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या देवमन गोपनारायणला कोणी विचारलं, “तुमी गाता म्हनते भाऊ?” तर तो जरा विचार करतो आणि सांगतो, “गात नाही. गानाऱ्याच्या मांगं असतो.”

या मागं असण्याला छत्तीस वर्षं झाली. जठारपेठेच्या पलीकडे त्याची वस्ती. वस्तीत विहार आणि विहाराची गायन पार्टी. संघपाल जामनिक पुढं बसून गातो, अश्विन पेटी वाजवतो, एक ढोलकीवाला असतो आणि मागं सतरंजीवर चार-पाच जणांचा कोरस. जयंतीच्या आधी दोन महिने रोज सराव, एरवी दर रविवारी. संघपालनं ओळ टाकायची, कोरसनं तिचं शेपूट उचलायचं. संघपाल म्हणणार, ‘माय गेली निंदाले, मले धाडलं शाळेत,’ की मागून सगळे, ‘मले धाडलं शाळेत.’ ओळीचा पहिला अर्धा संघपालचा, दुसरा सगळ्यांचा. देवमनचं सारं गाणं या दुसऱ्या अर्ध्यात गेलं.

तो पहिल्यांदा विहारात गेला तो गायला नव्हे, तक्रार करायला. सत्तावीस वर्षांचा होता, नोकरी नवी होती, आणि रोज पहाटे पाचची गाडी. लवकर डोळा लागावा म्हणून पडावं तर विहारातून ढोलकी सुरू. एक दिवस तो बनियनवरच उठून गेला.

“भाऊ, माही पाचची गाडी हाये. हे जरा हळू करून राह्यले तं बरं होईन.”

“बसा न,” संघपाल म्हणाला. “हे एक झालं की बंद करतो.”

एक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला देवमन आपण होऊन शेपूट उचलायला लागला. तक्रार तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं पाचच्या गाडीत अर्ध्या प्रवाशांना चुकीची तिकिटं फाडून दिली.

पुढच्या आठवड्यात संघपालनं त्याला एकट्याला म्हणायला लावलं. एक कडवं झालं. संघपालनं थोडा वेळ पेटीकडं पाहिलं आणि मग सांगितलं, “देवमनभाऊ, तुमचा आवाज एकट्यात नाही, पण चौघांत चांगला लागते.”

देवमन खूश. घरी येऊन त्यानं बायकोला, दुर्गाबाईला, सांगितलं, “आवाज चांगला लागते म्हने माहा.” दोन वर्षांनी मूर्तिजापूरच्या फाट्यावर, गाडी उभी असताना, चिल्लर मोजता मोजता त्या वाक्याचा पहिला अर्धा त्याच्या ध्यानात आला.

पण तोवर सवय लागली होती. आणि खरं सांगायचं तर त्याचा आवाज एस.टी.च्या दारासारखाच होता. दणकट, थोडा खडखडणारा, जोर लावल्याशिवाय न लागणारा. एकदा रिकाम्या गाडीत, मागच्या सीटवर बसून, त्यानं संघपालची पुढची ओळ म्हणून पाहिली होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला आणि मागं वळून विचारलं, “काय झालं? कोनाले लागलं काय?”

त्याची आई माणिकबाई. दुसऱ्याच्या वावरात निंदून तिनं त्याला दहावीपर्यंत शिकवलं. पार्टीत आल्यानंतरच्या पहिल्या जयंतीला ती ऐकायला आली होती, पुढून तिसऱ्या ओळीत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, “तुहा आवाज मले बरोबर आइकू आला.” कोरसमधला एकट्याचा आवाज कोणाला ऐकू येत नसतो, आला तर तो कोरसमधला दोष असतो, हे देवमनला तेव्हाही माहीत होतं. त्या रात्री मात्र तो दोन भाकरी जास्त जेवला.

कार्यक्रमाची बातमी पेपरात यायची: ‘संघपाल जामनिक आणि संच यांनी गीते सादर केली.’ देवमन ती कापून ठेवायचा. पाहुणे आले की दाखवायचा. “हे पाहा. ‘आणि संच’ लिहिलं हाये न? थो मी.” पाहुणे हसायचे, तोही हसायचा. पण कात्रण परत फाइलीत ठेवताना ‘संघपाल’ या शब्दावर त्याचं बोट जरा रेंगाळायचं. छत्तीस वर्षांत ते बोट कोणाला दिसलं नाही, दुर्गाबाई सोडून.

मग यंदा मार्चमध्ये संघपालचा घसा बसला. तपासणीत स्वरयंत्रावर साधी गाठ निघाली. ती काढली आणि डॉक्टरनं सांगितलं, दोन-तीन महिने गायचं नाही, बोलायचंही कमी. संघपालनं बोलणं कमी नाही केलं, बंदच केलं. कोणतंही काम अर्धवट करायचा त्या माणसाचा स्वभाव नाही. जे काही सांगायचं ते तो मोबाइलवर टाइप करून पार्टीच्या ग्रुपवर टाकू लागला, समोरचा माणूस हातभर अंतरावर बसलेला असला तरी.

जयंती कशीबशी जुन्या रेकॉर्डिंगवर निघाली. पण बुद्धपौर्णिमेला नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडच्या एका गावचं बोलावणं होतं. तिथं विहारात नवीन वाचनालय उघडणार होतं आणि गावानं शब्द आधीच घेतला होता. रविवारी बैठक बसली. पुढं कोण बसणार?

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कोरसमध्ये सगळ्यांत जुना देवमन. अश्विन म्हणाला, “देवमनभाऊ, तुमीच बसा.”

“नाही नाही,” देवमन म्हणाला.

लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढायला आलेल्याला आपण म्हणतो, तसं ते ‘नाही’ होतं. असल्या ‘नाही’कडं वाढप्यानं लक्ष द्यायचं नसतं. अश्विननं दिलं. तो म्हणाला, “बरं, मंग दुसरा कोन...”

“पन आता तुमी म्हनता तं बसतो,” देवमन घाईघाईनं म्हणाला.

ग्रुपवर संघपालचा मेसेज आला: ‘चालेल.’ त्यापुढं अंगठा नव्हता. देवमननं तो मेसेज घरी जाऊन चारदा वाचला.

पुढचा महिनाभर गोपनारायणांच्या घरात कोणाला सुख नव्हतं. देवमननं लोणचं सोडलं, ताक सोडलं, मे महिन्यात माठाचं पाणी सोडलं. खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या. पहाटे मोरीत बादलीत तोंड घालून तो सूर लावायचा, कारण बादलीत आवाज भरदार वाटतो असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. जठारपेठेत जाऊन त्यानं बिस्किटी रंगाचं जाकीट शिवून आणलं. आरशापुढं उभा राहिला.

दुर्गाबाई भाजी निवडत होती. “आवाज जाकिटातून येत असते काय?”

“पुढं बसनाऱ्यानं पुढं बसल्यावानी दिसावं लागते.”

“मंग चष्मा काहून काढला?”

“जाकिटावर चांगला नाही दिसत.”

तिनं भाजीकडं पाहिलं ते असं की भाजीलाही कळलं असेल.

सराव तसा बरा झाला. वही पुढ्यात असायची, विहारात ट्यूबलाइट लख्ख होती आणि अश्विन समोर बसायचा. एक बारीक गोष्ट होती, ती कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. पेटीची सुरावट संपली की देवमन थांबायचा. त्याला वाटायचं, आता सुरुवात होईल. मग अश्विन हनुवटी वर करायचा आणि देवमनला आठवायचं की सुरुवात आपल्याकडं आहे. मागं बसणारी सत्यवतीबाई एकदा म्हणाली, “भाऊ, तुमी कोनाची वाट पाहून राहता?” ती मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. दहा वर्षांपूर्वी कोरसमध्ये आली, ती पार्टीतली पहिली बाई. देवमन तिला म्हणाला, “सूर मनात जमू द्या लागते, सत्यवतीबाई.” तिनं मान हलवली. तिला पटलं असं त्याला वाटलं.

पौर्णिमेला दुपारी भाड्याच्या गाडीतून सगळे निघाले. दुर्गाबाईही आली, “काय होते थे पाहाले.” मूर्तिजापूर आलं, देवमन ओरडला, “मूर्तिजापूर!” बडनेरा आलं, “बडनेरा, उतरनारे पुढं या!” एकतीस वर्षांची नोकरी अशी तोंडातून जात नाही. संघपाल ड्रायव्हरशेजारी बसून होता. ग्रुपवर मेसेज आला: ‘देवमनभाऊ, घसा सांभाळा.’

संध्याकाळी सहाला कार्यक्रम सुरू झाला. ऊन उतरलं होतं, पण जमीन अजून तापलेली होती. मांडवात तीनशे माणूस. वाचनालयाची फीत कापली गेली, भाषणं झाली. मग निवेदकानं सांगितलं, “आता अकोल्याचे प्रसिद्ध गायक देवमन गोपनारायण आणि संच.” देवमननं हे कानानं ऐकलं. जाकिटाचं वरचं बटण त्यानं लावलं, मग उकडलं म्हणून काढलं. पंखा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता. चष्मा गाडीत होता.

अश्विनची पेटी सुरू झाली. स्टेज अरुंद होतं, त्यामुळं अश्विन आज समोर नव्हता, बाजूला होता, आणि त्याच्या हनुवटीपुढं माइकचा स्टँड आला होता. सुरावट संपली. देवमन थांबला.

अश्विननं तीच सुरावट परत वाजवली. संपली. देवमन मोठ्या प्रसन्न चेहऱ्यानं बसून होता. पुढं कोणीतरी छान गाणार आहे आणि मग आपण उचलणार आहोत, असा तो चेहरा. तिसऱ्यांदा पेटी फिरली. ढोलकीवाल्यानं ठेका सोडला, मग परत धरला. मांडवातले लोक माना डोलवत होते. त्यांना वाटलं अकोल्याकडं अशीच पद्धत असेल.

मागून त्याच्या पाठीत बोट टोचलं. “देवमनभाऊ,” सत्यवतीबाईनं हळूच सांगितलं, “आज तुमीच हाये.”

कोरसचा माइक चालू होता. ते हळू तीनशे लोकांनी ऐकलं.

हसू ओसरायच्या आत देवमननं सुरुवात केली, आणि घाबरल्यामुळं जिथून लागायला पाहिजे त्याच्या बराच वरून लावली. अश्विनची बोटं पेटीवर त्याला शोधत फिरली. पहिली ओळ झाली. कोरसनं शेपूट उचललं, ‘मले धाडलं शाळेत’, आणि कोरसबरोबर देवमननंही उचललं, कारण छत्तीस वर्षं ते उचलायचं काम त्याचं होतं. त्यात दम गेला. दुसरी ओळ घ्यायची वेळ आली तेव्हा छातीत हवा नव्हती. ती त्यानं अर्धीच घेतली. मग कोरसनं काय उचलावं? एकानं अर्ध्यावर उचललं, एकानं पुढच्या मात्रेवर, तिसरा गप्पच बसला. दोन्ही दारांतून एकदम प्रवासी उतरावेत आणि खाली चढणारे उभे असावेत, तसं सगळं झालं.

तेव्हा त्याला एक गोष्ट कळली. पहिल्याच कडव्याला कळली आणि मोठ्या वाईट वेळी कळली. मागं बसलेले तिघंही कधी पेटीकडं पाहून उचलत नव्हते. ते देवमनकडं पाहून उचलायचे. देवमन पुढं गेला तर मागं उचलणारं कोणी राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या कडव्याला त्यानं वहीत पाहिलं. वहीत निळसर मुंग्या होत्या. आणि डोक्यात? डोक्यात गाणं होतं, पण त्याला जेवढं पाठ होतं तेवढंच. प्रत्येक ओळीचा दुसरा अर्धा. पार्टीची चाळीस गाणी त्याला अशी पाठ होती, चाळीसही शेपटं. एकाही गाण्याचं डोकं त्याच्याकडं नव्हतं.

त्यानं तोंड उघडलं आणि जे होतं ते म्हटलं: ‘सावली माह्या पाटीत.’

लोक थांबले. कसली सावली? दुर्गाबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की आणखी काही, हे देवमनला चष्म्याशिवाय कळलं नाही.

तेवढ्यात मागून सत्यवतीबाईचा आवाज आला. तिनं ओळ पहिल्यापासून घेतली. ‘ऊन तिच्या वाट्याले...’ आणि पुढं, न घाबरता, न थांबता, शेवटापर्यंत. वसतिगृहात रोज दोनशे पोळ्या लाटताना ती संघपालची गाणी डोक्यापासून म्हणत असते, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. ओळ संपली आणि देवमननं, काही विचार करायच्या आधीच, उचललं: ‘सावली माह्या पाटीत.’ त्याच्याबरोबर मागचे तिघं. एकदम, एका जागी.

तिनं पुढची ओळ टाकली. त्यानं उचलली. तिनं टाकली, त्यानं उचलली. अश्विननं एक मोठा श्वास घेतला आणि पेटीचा भाता मोकळा सोडला. ‘माय गेली निंदाले’ परत आलं तेव्हा देवमनला वावरातलं वाकलेलं माणिकबाईचं पाठमोरं लुगडं दिसलं, आणि त्या एका ओळीपुरतं त्याला जाकिटाचं भान राहिलं नाही.

गाणं चालू असतानाच, बसल्या बसल्या, तो सतरंजीवर मागं सरकू लागला. एका कडव्याला वीतभर. कोणाला कळू नये असं त्याला वाटत होतं. ते सगळ्यांना कळत होतं. तिसऱ्या कडव्याला तो आणि सत्यवतीबाई एका रेषेत आले. त्यानं पुढचा माइक तिच्याकडं वळवला. शेवटच्या कडव्याला तो कोरसमध्ये होता, डाव्या टोकाला, आपल्या जागी. पुढची सात गाणी सत्यवतीबाईनं म्हटली. गावानं दोन परत म्हणायला लावली.

परतीच्या गाडीत बडनेरा आलं, मूर्तिजापूर आलं. देवमन एकही गाव ओरडला नाही.

पुढचे दोन रविवार तो सरावाला गेला नाही. दुर्गाबाईला सांगितलं, गुडघा दुखून राहिला. ती म्हणाली, “गायन पार्टी गुडघ्यानं गात नसते.” तिनं जाकीट धुऊन, इस्त्री करून कपाटात सगळ्यांत पुढं टांगलं. कपाट उघडलं की आधी तेच दिसायचं. हा तिचा दुष्टपणा होता की आणखी काही, हे विचारायची हिंमत त्याला झाली नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी संघपाल घरी आला. जय भीम केला तोही हातानंच. खाटेवर बसला. दुर्गाबाईनं चहा ठेवला. छत्तीस वर्षांत हे दोघं शेजारी बसले की बोलायचा संघपाल, ‘हो न’ म्हणायचा देवमन. आज संघपालचं तोंड बंद. बोलायची पाळी देवमनची आली, आणि इथंही तो आधी बराच वेळ थांबला.

“मी बावळट झालो तिथं,” अखेर तो म्हणाला. “तू सुरुवातीलेच सांगतलं होतं, एकट्यात नाही म्हनून. मी अर्धंच आइकलं. पन मले एक डाव पाहाचं होतं बावा, पुढून कसं दिसते थे. तुह्या बातम्या कापून कापून माह्या पोटात दुखत होतं. आता सांगून टाकतो.”

संघपालनं मोबाइल काढला. सवयीनं तो पार्टीच्या ग्रुपवरच टाइप करायला लागला. देवमननं त्याचा हात धरला. “अबे, मले एकट्याले पाठव.”

मोबाइल वाजला. देवमननं चष्मा लावून वाचलं: ‘मी ओळ सुरू करतो तवा मलेही भेव वाटते. आता पडली तं कोन उचलीन? तुमचा आवाज आला की भेव जाते. रोजच.’

देवमननं ते दोनदा वाचलं. “हे छत्तीस वर्षांत एक डाव तोंडानं सांगतलं असतं तं?”

परत मोबाइल वाजला: ‘टाइम नोता. गाऊन राह्यलो होतो.’

दोघं हसले. संघपालला हसायचीही मनाई होती, म्हणून तो नुसता हलला. दुर्गाबाईनं चहा आणला आणि विचारलं, कोणाचं काय झालं. कोणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी देवमन सरावाला गेला, जाकिटाशिवाय, चष्म्यासकट. कोरसच्या डाव्या टोकाची जागा रिकामीच ठेवलेली होती. ती आदरानं ठेवली असेल असं त्याला वाटलं. नंतर कळलं, तिथं सतरंजीला भोक पडलंय, म्हणून कोणी बसत नव्हतं. तो बसला.

संघपालचा गळा पावसाळ्यात मोकळा झाला, पण आधीसारखा वर जात नाही. म्हणून आता वरची गाणी सत्यवतीबाई घेते, खालची संघपाल. दोघांच्या आवाजात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि गाणं एकाकडून दुसऱ्याकडं गेलं की मधली फट कोरसला भरून काढावी लागते. म्हणजे देवमनचं काम वाढलं आहे. तो त्याची तक्रार सगळीकडं सांगत फिरतो, इतक्या आनंदानं की ऐकणाऱ्याला ती तक्रार आहे हे कळायला वेळ लागतो. गाण्यांची डोकी पाठ करायला त्यानं सुरुवात केली आहे, चाळीसपैकी सहा झाली आहेत. संघपालनं ‘कशाले?’ असं विचारलं, तर म्हणाला, “उचलतो काय थे तं समजलं पायजे न.”

आणि एक बदल झाला. सत्यवतीबाई पुढं गेल्यामुळं कोरसमध्ये एक जागा रिकामी होती. दुर्गाबाईनं एका रविवारी स्वयंपाक दुपारीच उरकला, पातळ बदललं आणि ती देवमनच्या आधी दारात उभी राहिली.

“कुठी चालली?”

“तुमी तिथं जाऊन तोंड उघडू शकता, तं मी काहून नाही?”

ती आता त्याच्या उजव्या हाताला बसते. तिचा आवाज त्याच्यापेक्षा बरा आहे, हे अश्विननं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि देवमननं मान्य केलं. फक्त ती शेपूट अर्धी मात्रा आधी उचलते. संघपालची ओळ संपायच्या आत ती निघालेली असते. चाळीस वर्षांचा संसार केलेल्या बाईला समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहायची सवय नसते. पार्टीनं बैठक घेतली आणि ही गोष्ट तिच्या कानावर घालायचं काम सर्वानुमते देवमनकडं दिलं. त्याला तीन महिने झाले. देवमन म्हणतो, चांगला दिवस पाहून सांगतो. तोवर तो स्वतःच अर्धी मात्रा आधी उचलायला लागला आहे, आणि मागचे सगळे त्याच्याकडं पाहून.